डोमाजीचा न उडालेला बार

रंगभूमीवर मी पुष्कळ वेळा मेलो. विष पिऊन मेलो, कड्यावरून उडी टाकून मेलो, एकदा तर नुसत्या विरहानं मेलो. पण सगळ्यांत जास्त मेलो ते पिस्तुलाच्या बारानं, आणि तेही भीमपूरच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात, दर साली, जत्रेच्या दिवशी, भर दुपारी. मला मारणारा हात चंपतरावांचा असे. बार भरणारा हात डोमाजीचा. प्रेक्षकांना पहिला दिसायचा. दुसऱ्याबद्दल आज मी लिहीत आहे, कारण मी अजून जिवंत आहे तो त्या दुसऱ्या हातामुळं.

आमचं गाव पैनगंगेच्या अल्याड. पल्याड महाराष्ट्र, अल्याड आंध्र. जत्रेला दोन्ही काठांची माणसं येत आणि त्यांना अंधार पडायच्या आत गाड्या नदीतून काढायच्या असत. म्हणून आमच्या मंडळाचं नाटक दुपारीच उभं राहायचं आणि उन्हं कलायच्या आत संपायचं. गॅसबत्त्यांचा खर्च वाचायचा, तोंडाला लावलेला रंग मात्र उन्हानं वितळून गळ्यापर्यंत यायचा.

नाटक लिहायचे उत्तमराव मास्तर. शाळेत ते शिक्षक, मंडळात लेखक आणि दिग्दर्शक, शिवाय पडद्याआडून वाक्यं सांगणारेही तेच. नाटकाचं नाव ते दर साली बदलत. शेवट कधी बदलला नाही. दरोडेखोर देवळाच्या पायरीवर सापडतो, अमीनसाहेब लांबलचक भाषण करतात आणि बार उडतो. दरोडेखोर मी, अमीन चंपतराव. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, आंध्र प्रदेश होऊनही दहा-बारा वर्षं उलटली होती, तरी ठाण्याच्या साहेबाला आमच्याकडं अमीनच म्हणत. खरा अमीन तेलुगू बोलायचा आणि नाटकातला मराठी, त्यामुळं गावाला नाटकातलाच जास्त कळायचा.

बार उडायचा तो खऱ्या पिस्तुलाचा. भगवानराव पाटलांच्या घरी जुन्या काळातलं एक सहाबारी होतं. त्याला तयार काडतुसं लागत नसत. मधे जाड लोखंडी चक्री, तिला सहा घरं. प्रत्येक घरात पुढून काळी दारू ओतायची, तिच्यावर बोळा ठासायचा आणि मागच्या बाजूला तांब्याची बारीक टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. नाटकाला गोळी अर्थातच नसे, नुसती दारू आणि बोळा. परवाना भगवानरावांच्या नावावर होता, म्हणून एरवी पिस्तूल त्यांच्या घरच्या पेटीत कुलपात राहायचं.

सुरुवातीला बोळा चिंध्यांचा असायचा आणि तो चंपतराव स्वतःच भरायचे. त्या काळातला एक बार मला चांगला आठवतो. दणका झाला, मी आडवा झालो, लोक हळहळले आणि चिंधीचा एक पेटता तुकडा माझ्या धोतरावर येऊन बसला. मी मेलेला. चंपतराव पिस्तूल रोखून ताठ उभे. मांडीला चटका बसायला लागला तेव्हा मी उठलो, दोन्ही हातांनी धोतर झोडपलं आणि पुन्हा जागेवर जाऊन मेलो. त्या दिवशीच्या टाळ्या मला नंतर मोठ्या कंपनीतसुद्धा मिळाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डोमाजी माझ्याकडं आला. हा आमच्या शाळेतला चपराशी. बौद्ध घरचा. बाप जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला, आणि डोमाजी स्वतः तरुणपणी विहिरी खोदणाऱ्यांच्या टोळीत सुरुंग भरायला होता. उंच, हडकुळा, शांत माणूस. सुरुंगांनी डावा कान गेलेला, म्हणून कोणी बोलायला लागलं की तो मान वळवून उजवा कान पुढं करायचा. नव्या माणसाला वाटायचं, हा तोंड फिरवतो आहे. माझ्या मांडीची चौकशी करून तो म्हणाला, चिंधी जळते, पीठ जळत नाही. पुढच्या वर्षी बोळा ज्वारीच्या पिठाचा करू.

पीठ मळायची त्याची बायको पंचफुला. ज्वारीचं पीठ असं तसं मळलं तर फुटतं, म्हणून ती उकळत्या पाण्यात उकड काढून त्याचा मऊसूत गोळा करायची. डोमाजी दारूवर आधी चिमूटभर कापूस ठेवायचा, म्हणजे ओल दारूपर्यंत पोचत नाही, आणि त्यावर तो गोळा असा दाबून बसवायचा की घराच्या तोंडाशी तसूभर फट राहत नसे. बार उडाला की पीठ हवेतच विरून जायचं. माझ्या छातीवर फार तर पांढरी भुकटी यायची. पंचफुला तोंड भरून हसायची आणि म्हणायची, "आमच्या घरचं पीठ गाव खात नाई, गावची बंदूक मात्र खाते." हे ती कोणासमोरही म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की खाली पाहावं ते कळत नसे.

डोमाजीचे नियम थोडे होते, पण दगडावर कोरल्यासारखे. नळी माणसावर धरायची नाही, हातभर बाजूला धरायची, मरायचं काम नागनाथ करील. नागनाथ म्हणजे मी. दुसरा नियम, ज्या दुपारी भरलं त्याच दुपारी उडवायचं. शिळं पीठ वाळतं. वाळलं की त्याचा खडा होतो, आणि खडा म्हणजे गोळीच. शिवाय वाळताना पीठ आकसतं, कडेनं फट पडते, आणि मग एका घरातला जाळ त्या फटीतून शेजारच्या घरांत शिरतो. एक चाप ओढायचा आणि सगळे बार एकदम. हातात धरणाऱ्याचा पंजा राहील की नाही याची खात्री नाही. तिसरा नियम, घोडा पडूनही बार उडाला नाही तर नळी जमिनीकडं धरून तोंडातलं पान चघळून संपेपर्यंत हलायचं नाही. सुरुंगाच्या टोळीत त्यानं घाई करणारी माणसं पाहिली होती.

या तिसऱ्या नियमानंच त्याला पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. एका साली चंपतरावांनी भाषण संपवून चाप ओढला आणि नुसता 'टक' असा आवाज आला. प्रेक्षक हसले. चंपतराव चिडले आणि आत काय झालं म्हणून पिस्तूल फिरवून नळीत डोकवायला लागले. तेवढ्यात पडद्याआडून डोमाजी आला, शाळेच्या खाकी सदऱ्यात, अनवाणी. त्यानं चंपतरावांचं मनगट धरून खाली दाबलं. अमीनसाहेब आणि चपराशी तसेच उभे राहिले. सगळं गाव पाहत होतं. आणि मग बार उडाला, पायाजवळच्या फळीला काळा डाग पडला. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या. डोमाजीनं लोकांकडं पाहिलं, ओशाळून हात जोडले आणि आत गेला.

त्या टाळ्यांनी त्याचं काय केलं ते मला हळूहळू कळलं. त्या वर्षापासून तालमीत तो पडद्याआड ओठ हलवत असायचा. नट मी, मला ते ओठ ओळखू यायचे. अमीनसाहेबांचं भाषण तो चंपतरावांच्या आधी एक शब्द बोलत असायचा. एकदा पान लावता लावता मी त्याला छेडलं. त्यानं चुन्याचं बोट पानाला पुसलं. मग म्हणाला, "एक वेळ, नागोभाऊ. एकच वेळ समोरून पाह्याचं हाय मले गावाकडं. मांगून लई पाह्यलं."

ती वेळ आली चंपतरावांच्या पायामुळं. जत्रेच्या तोंडाशी ते कापसाच्या भरल्या गाडीवरून पडले आणि पाय मोडून घरी बसले. मंडळात चिंता. अमीनाचं भाषण पाठ करायला नव्या माणसाला महिना लागला असता. डोमाजीनं शाळा सुटल्यावर घंटेचा हातोडा जागेवर ठेवला आणि उत्तमराव मास्तरांसमोर उभा राहिला. म्हणाला, मला सगळं पाठ आहे. मास्तरांनी तिथंच, रिकाम्या बाकांसमोर त्याला बोलायला लावलं. नंतर मास्तर मला म्हणाले, चंपतराव तालमीत म्हटलेलं एक अख्खं पान दर साली ऐन नाटकात गाळतात, हे पुस्तक हातात असून मला त्या दिवशी कळलं.

गावात कुजबुज झाली. चपराशी अमीन होणार, यापेक्षा कोणता चपराशी अमीन होणार याची कुजबुज जास्त. मास्तरांनी पात्रांच्या यादीत डोमाजीचं नाव लिहून यादी पडद्याच्या खांबाला चिकटवली. चंपतरावांनी मात्र मोठं मन दाखवलं. आपला खाकी पोशाख पाठवून दिला आणि अंथरुणावरून एक खुबीही शिकवली. भाषणाच्या शेवटी पिस्तूल कानाशी न्यायचं आणि चक्री एकदा करकर फिरवायची, लोक त्यालाच टाळ्या देतात. पंचफुलानं पोशाख दोन्ही बाजूंनी आत घेतला, तरी डोमाजी त्यात वाऱ्यावर वाळत घातल्यासारखा दिसायचा.

खरी अडचण उद्धवरावांची होती. हे गावातले कापूसवाले शेतकरी, नाटकात पाटील. दुसऱ्या अंकात अमीन घरी येतो तेव्हा पाटलानं बैठकीवरून उठायचं, पुढं यायचं आणि म्हणायचं, "या अमीनसाहेब, बसा." चंपतराव अमीन होते तेव्हा उद्धवराव हे वाक्य फार रुबाबात टाकायचे. आता तालमीत ते "या" म्हणत आणि पुढचं गिळून टाकत. मास्तरांनी दोनदा आठवण दिली. उद्धवराव म्हणाले, नाटकाच्या दिवशी म्हणीन. डोमाजी कोणी न सांगता बसायचा, कारण पुस्तकात बसणं होतं.

जत्रेच्या दुपारी त्यानं नेहमीसारखं भगवानरावांच्या ओसरीवर बसून पिस्तूल भरलं. ताजं पीठ, सहा घरं. बाहेर तुतारी झाली. आणि त्याच घरात भगवानरावांच्या आई, चंद्रभागाबाई, नाटकाला यायला नवं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या, त्या बसल्या जागी गेल्या. पिकलं पान होतं, कोणाला धक्का बसावा असं मरण नव्हतं, पण नाटक थांबलं. त्या धावपळीत कोणीतरी ओसरीवरचं पिस्तूल उचलून पेटीत टाकलं आणि कुलूप लावलं.

भरलेलं पिस्तूल रिकामं करायचे दोनच मार्ग. एक, बार उडवून टाकायचे. सुतकाच्या घरी तो आवाज कोण करणार? दुसरा, पीठ ओलं आहे तोवर, किंवा मागाहून दारू पाण्यात भिजवून, तारेनं कोरून काढायचं. त्यासाठी पेटी उघडायला सांगावी लागणार. डोमाजी तिसऱ्या दिवशी गेला. दारात मुंडण केलेली माणसं बसली होती. अशा ठिकाणी पिस्तूल मागायला त्याची जीभ वळली नाही. म्हातारीबद्दल दोन शब्द बोलून तो परत आला.

तेराव्याचं जेवण झाल्यावर भगवानरावांनीच मंडळाला बोलावलं. आईची नाटकाची हौस राहून गेली, उद्याच करा, म्हणाले. पाहुणे अजून गावातच होते. रात्रभर मांडव पुन्हा उभा राहिला. या घाईत डोमाजीला रंग लावायलाच वेळ पुरणार नव्हता, म्हणून बार भरायचं काम देवाजीकडं दिलं. देवाजी आमचा पडदा ओढणारा. डोमाजीनं त्याला सगळं समजावलं आणि पंचफुलानं मळलेला पिठाचा गोळा पळसाच्या पानात गुंडाळून त्याच्या हातात दिला. जुनं काढ, नवं भर, एवढं सांगितलं.

देवाजीनं पेटी उघडली. पाहतो तर सहाही घरं भरलेली, टोप्या बसलेल्या. त्याला वाटलं, डोमाजीनं केव्हातरी येऊन भरून ठेवलं असणार, आपल्याला उगीच दुसऱ्यांदा सांगतो आहे. भरल्या ताटात पुन्हा काय वाढायचं? पिठाचा गोळा त्यानं भगवानरावांच्या गाईला घातला. पिस्तूल आणून डोमाजीच्या कमरेला लावता लावता म्हणाला, "भरलेलं हाय, पाह्यलं मी." डोमाजीच्या ओठांवर भाषण चालू होतं. त्यानं मान हलवली.

त्या दुपारी आमच्या मंडळाकडं अमीन होता, बारवाला नव्हता. एवढीच चूक.

आणि अमीन तरी कसा? मी पायरीमागून पाहत होतो. पहिल्या प्रवेशातच त्यानं गावाकडं तोंड करून असा श्वास घेतला की मला माझं पहिलं पदार्पण आठवलं. पल्याडच्या गावांतले लोक विचारायला लागले, हा कोणत्या कंपनीचा? दुसऱ्या अंकात उद्धवराव बैठकीवरून उठले, "या" म्हणाले आणि पाठ फिरवून पाण्याच्या तांब्याकडं गेले. डोमाजी क्षणभर थांबला. मग बसला.

शेवटचा प्रवेश आला. मी देवळाच्या पायरीवर, हात वर करून. समोर डोमाजी. त्यानं भाषण सुरू केलं, चंपतराव गाळायचे त्या पानासकट. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. पाचोळा हलला तर ऐकू येईल इतकी शांतता. भाषण संपलं. त्यानं पिस्तूल काढलं, उजव्या कानाशी नेलं आणि चक्री फिरवली.

करकर झाली. पण त्या करकरीखाली आणखी एक आवाज होता, वाळलेल्या शेंगेत दाणे हलावेत तसा. तो मला ऐकू आला नाही, डोमाजीला आला. मला दिसला तो त्याचा चेहरा. नट वाक्य विसरतो तेव्हा चेहरा रिकामा होतो. हा चेहरा रिकामा नव्हता.

तो तसाच उभा राहिला. मास्तर पडद्याआडून शेवटचं वाक्य सांगायला लागले, एकदा, दोनदा. माझे हात वर धरून दुखायला लागले. लोक चुळबुळले. डोमाजीनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागं पाहिलं. मागं पडद्याजवळ मास्तर, बाजूला दाटीवाटीनं बसलेल्या बायका, वर मांडवाच्या बल्ल्यांवर चढलेली माणसं. हातभर बाजूला नळी धरावी अशी जागा कुठं उरली नव्हती. मग त्याचे ओठ हलले. इतकी वर्षं ते ओठ मी वाचत आलो होतो.

"नागोभाऊ," तो म्हणाला, "मरू नको."

त्यानं नळी हळूच खाली केली. नदीकडं तेवढं खाली जमिनीलगत मोकळं होतं. तिकडं तोंड करून त्यानं पिस्तूल पायरीशेजारच्या चबुतऱ्यावर ठेवलं, निजलेलं लेकरू ठेवावं तसं. मग माझ्याजवळ आला, माझा फेटा सोडला आणि त्या फेट्यानंच माझे हात बांधायला लागला. मास्तरांच्या पुस्तकात यापुढचं काही नव्हतं. तो आपल्या घरच्या बोलीत बोलला, मोठ्यानं.

"गोळी घालाचा हक्क मले कोनी देल्ला? कोर्ट आदिलाबादले हाय. चाल, पायी चाल."

आणि मला घेऊन आत आला. देवाजीला पडदा ओढायचं सुचेना. लोक वाट पाहत राहिले, अजून बार उडेल म्हणून. मग मागून कोणीतरी म्हणालं, अमीन भेला रे. तिथून हशा सुटला आणि पार नदीपर्यंत गेला.

पडद्याआड जे झालं ते सांगायला मला आजही आवडत नाही. मास्तर डोकं धरून बसले. भगवानराव आले, रागावले नाहीत, पण आईच्या नावानं केलेलं नाटक अर्धं राहिलं असं म्हणाले, ते रागावण्यापेक्षा वाईट. उद्धवराव म्हणाले, प्रत्येकाला प्रत्येक काम जमत नसतं, हात थरथरला त्याचा. देवाजी शपथ घेत होता की पिस्तूल भरलेलं होतं.

"भरलेलं होतं, म्हणूनच तं," डोमाजी म्हणाला. शिळ्या पिठाचं त्यानं एकदा सांगितलं. ऐकता ऐकता जो तो आपल्या तोंडाचा रंग पुसायला लागला. मग त्यानं पिस्तुलाला कोणी हात लावू नका असं सांगितलं आणि चबुतऱ्याजवळ जाऊन बसला. गाड्या निघून जाईपर्यंत, पोशाख न काढता, तिथंच बसून होता. जाणारे येणारे अमीनसाहेबांना मुजरा करून हसत होते. पंचफुला त्याच्यासाठी भाकर घेऊन आली आणि शेजारी बसली.

सकाळी बार उडवून खरंखोटं करायला आम्ही पिस्तूल नदीच्या वाळवंटात नेलं. भगवानराव, मास्तर, देवाजी, डोमाजी आणि मी. उद्धवराव आपली गाडी घेऊन मागून आले, आणि येताना घरचं एक जुनं मडकं घेऊन आले. म्हणाले, हे नागनाथच्या छातीच्या जागी ठेवा, पाहू द्या गावाला तुमच्या पिठाची गोळी. मडकं एका खुंटावर पालथं घातलं. डोमाजीनं पिस्तूल एका पडलेल्या लाकडाला दोरीनं घट्ट बांधलं, अमीनापासून मी जेवढा लांब असायचो तेवढ्याच अंतरावर. मुठीभोवती, जिथं माणसाचा पंजा येतो तिथं, पंचफुलाच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. घोडा चढवला, चापाला सुतळी बांधली आणि आम्हाला काठावरच्या दरडीआड बसवलं.

सुतळी ओढली. आवाज एक झाला, पण इतक्या वर्षांत ऐकला नव्हता असा, फाटका, जाड. धूर बराच वेळ पाण्यावर रेंगाळला. डोमाजीनं कोणाला उठू दिलं नाही. त्यानं शांतपणे पान लावलं, तोंडात घातलं, चघळलं. पान संपलं तेव्हा उठला.

मडक्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. पिस्तुलाची नळी खिळ्यातून निखळून वाळूत पडली होती. चक्रीची दोनच घरं भरलेली राहिली होती, बाकी सगळी एकाच वेळी उडाली होती, आणि एका घराची कड उमलल्यासारखी फाटली होती. लुगड्याची पट्टी मुठीवर काळी पडून धुमसत होती. भगवानरावांनी ती पायानं विझवली आणि बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिले. मी खापऱ्यांकडं पाहत होतो. मास्तरांनी विचारलं, वर आभाळात किंवा नदीकडं का उडवला नाही? डोमाजी म्हणाला, वर माणसं चढली होती, आणि एकच उडेल याचा भरवसा नव्हता.

राहिलेली दोन घरं त्यानं पाण्यात बुडवून ठेवली, मग कोरून काढली. एका घरातलं पीठ भिजूनही मऊ पडलं नव्हतं, ते त्यानं खड्यासारखं वाळूवर ठेवलं. ते उद्धवरावांनी उचललं. बोटांत दाबून पाहिलं, दाबलं जाईना. खिशात घातलं.

परतताना आम्ही चालायला लागलो. उद्धवरावांनी गाडी जुंपली, पुढं काढली आणि डोमाजीपाशी थांबवली. खाली उतरले. गाडीतली कडब्याची धाटं बाजूला सारली, आपल्या खांद्यावरचं उपरणं त्या जागी अंथरलं.

"या अमीनसाब," ते म्हणाले, "बसा."

डोमाजीनं उजवा कान पुढं केला. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे, मला वाटतं, पुन्हा ऐकावं म्हणून. मग म्हणाला, "नाटक काल झालं, उद्धवराव."

"मालूम हाय. बसा."

डोमाजी बसला. आम्ही बाकीचे गाडीमागून चालत आलो. गावात शिरताना कालचे हसणारे ओट्यांवर होतेच. त्यांनी गाडी पाहिली, गाडीत कोण बसलं आहे ते पाहिलं आणि बैल कोण हाकतं आहे तेही पाहिलं.

भगवानरावांनी पिस्तुलाचे तुकडे ठाण्यात जमा केले. पुढच्या वर्षी बार नव्हता, म्हणून मास्तरांना शेवट बदलावा लागला, किंवा खरं सांगायचं तर डोमाजीनं बदललेला शेवट त्यांनी पुस्तकात उतरवून घेतला. चंपतरावांचा पाय बरा झाला होता, पण ज्या अमीनाला बार उडवायचा नाही तो मी करणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यामुळं डोमाजीच अमीन राहिला, गुडघे गेले तोपर्यंत. पहिल्या साली लोक कुरकुरले. नंतर नंतर "कोर्ट आदिलाबादले हाय" हे वाक्य आलं की सारा मांडव त्याच्याबरोबर म्हणायचा, आणि पल्याडची माणसं पोरांना खांद्यावर घेऊन ते ऐकवायला आणायची. मी मरायचा थांबलो, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईटच वाटलं. मरण माझं चांगलं व्हायचं.

एक गोष्ट त्यानं सोडली नाही. पिस्तूल राहिलं नव्हतं, कमरेला लाकडाचा तुकडा असायचा, देवाजीच्या पोराचं खेळणं. तरी डोक्यावर टोपी घालायच्या आधी तो दर साली विचारायचा, "बार कोन पाहून राह्यलं?" आणि ज्याला नाटकात काम नाही असा कोणीतरी "मी" म्हणेपर्यंत टोपी हातातच धरायचा. नवी पोरं हसायची. देवाजी हसत नसे. "मी हाय, दादा," म्हणायचा, आणि पडद्याची दोरी धरायला जायचा.

पुढं मी गाव सोडलं, कंपन्यांबरोबर फिरलो, कितीतरी पिस्तुलांसमोर उभा राहिलो. चांगली, नव्या घडणीची, नुसता आवाज करणारी. प्रत्येक ठिकाणी पडदा वर जायच्या आधी मी तोच प्रश्न विचारायचो, डोमाजीच्याच शब्दांत. लोक मला म्हातारा किरकिऱ्या म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात मी डोमाजीला भेटायला गेलो तेव्हा हे त्याला सांगितलं. आता दोन्ही कान गेलेले. दोनदा ओरडून सांगितलं. पंचफुलानं चुलीवरची भाकर उलटली आणि तिसऱ्या वेळी तीच त्याच्या कानाशी वाकून बोलली.

त्यानं ऐकलं, आणि मला म्हणाला, "अन् ते 'मी' म्हनत का?"

म्हटलं, म्हणत.

"मग चांगलं," डोमाजी म्हणाला, आणि ताट माझ्याकडं सरकवलं.